मारधाडपटाला डोके लागते

‘ॲक्शनपट डोके बाजूला ठेवून पाहायचा असतो’ हे विधान दोन प्रकारची माणसे करतात. पहिल्या प्रकारच्या माणसांना ॲक्शनपट मुळातच आवडत नाहीत, तेव्हा त्यांचे म्हणणे निदान त्यांच्या आवडीशी सुसंगत असते. दुसऱ्या प्रकारची माणसे या चित्रपटांवर जीव टाकणारी असतात आणि खरे नुकसान त्यांच्याकडूनच होते. आवडते ॲक्शनपट कोणते, असे विचारले की असा रसिक ‘सेव्हन सामुराई’, ‘शोले’, ‘डाय हार्ड’, ‘पोलीस स्टोरी’, ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ अशी नावे भराभर घेतो आणि लगेच ओशाळून म्हणतो, “म्हणजे टाइमपास म्हणून हं, त्यात लॉजिक शोधायचं नाही.” त्याने घेतलेल्या नावांपैकी एकाही चित्रपटाला या सवलतीची गरज नाही. उलट डोके बाजूला ठेवले, तर यांतला प्रत्येक चित्रपट निम्मासुद्धा हाती लागत नाही.

चांगले ॲक्शनदृश्य पाहताना प्रेक्षक मनातल्या मनात सतत हिशेब करत असतो. कोण कुठे उभा आहे, दार कोणत्या बाजूला आहे, पिस्तुलात किती गोळ्या उरल्या आहेत, गच्चीवरून खाली उतरायला वाट आहे की नाही. हा हिशेब लागतो तोवर श्वास रोखलेला राहतो. तो सुटला की पडद्यावर कितीही स्फोट झाले तरी नुसता गोंगाट उरतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहणारा जुना शौकीन पैलवानाचा हात समोरच्याच्या मानेवर कसा पडला एवढ्यावरून पुढचा डाव ओळखतो. त्या शौकिनाला कुणी बिनडोक म्हणत नाही, त्याला जाणकार म्हणतात. पडद्यावरची झुंज पाहणाराही हेच करतो, फक्त त्याच्यासाठी दिग्दर्शकाने मैदान आधी नीट आखून द्यावे लागते.

हे मैदान कसे आखावे, याचा वस्तुपाठ अकिरा कुरोसावाने १९५४ साली घालून दिला. ‘सेव्हन सामुराई’ सुमारे साडेतीन तासांचा आहे आणि मोठी लढाई शेवटच्या भागात येते. त्याआधीचा वेळ वाया गेलेला नाही. दरोडेखोरांपासून गाव वाचवायला आलेल्या सामुराईंचा म्होरक्या काम्बेई नकाशा हाती घेऊन गावाभोवती फिरतो आणि त्याच्यासोबत प्रेक्षकही फिरतो. एका बाजूला कुंपण घालायचे, एका बाजूच्या शेतांत पाणी सोडायचे, पूल तोडायचा, नदीपलीकडची तीन घरे सोडून द्यायची. त्या घरांचे मालक चिडतात, भाले टाकून आपापली घरे राखायला निघतात, आणि एरवी शांत असलेला काम्बेई तलवार उपसून त्यांना परत रांगेत उभे करतो. थोड्यांसाठी सगळ्यांना धोक्यात घालता येत नाही, हा युद्धशास्त्राचा कठोर नियम तिथे भाषण न देता कळतो. एक वाट मात्र काम्बेई मुद्दाम उघडी ठेवतो. दरोडेखोरांचा एखादा घोडेस्वार त्या वाटेने आत घ्यायचा, मागे बांबूच्या भाल्यांची भिंत उभी करायची आणि आत सापडलेल्याला संपवायचे, असा त्याचा बेत असतो. किती दरोडेखोर उरले याचा हिशेब तो कागदावर वर्तुळे काढून ठेवतो आणि एकेक मेला की त्यावर फुली मारतो. प्रेक्षकही त्याच्यासोबत मोजत राहतो. शेवटच्या दिवशी मुसळधार पावसात, गुडघाभर चिखलात सगळा गोंधळ माजतो तेव्हाही कोणता कोपरा कोणता हे कळत राहते, कारण गाव तोवर पाठ झालेले असते. ही लढाई कुरोसावाने एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून टिपली, त्यामुळे माणसांच्या हालचालीतला सलगपणा तुटत नाही.

या चित्रपटातली एक गोष्ट पहिल्या खेपेला बहुतेकांच्या नजरेतून निसटते. सातांपैकी चार सामुराई मरतात आणि चौघेही बंदुकीच्या गोळीनेच मरतात. तलवारीने त्यांच्यातल्या एकालाही कुणी मारू शकत नाही. त्यांच्यातला सर्वांत निष्णात तलवारबाज क्युझो शेवटच्या क्षणी झोपडीत दडलेल्या दरोडेखोरांच्या म्होरक्याच्या बंदुकीला बळी पडतो. ज्या विद्येवर हा वर्ग शतकानुशतके उभा होता, तिचा काळ संपला आहे, हे कुरोसावा एका शब्दानेही सांगत नाही. तो फक्त मृत्यूचे कारण दाखवतो. इतिहासाचे एवढे मोठे विधान मारामारीच्या तपशिलातून करणाऱ्या चित्रपटाला ‘डोके न लावता पाहायचा’ म्हणणे अन्यायाचे आहे.

पण ‘सेव्हन सामुराई’ अभिजात मानला गेला आहे, त्याचा दाखला देणे सोपे आहे, असा आक्षेप कुणी घेईल. म्हणून ज्याला खास व्यावसायिक मानतात तो ‘डाय हार्ड’ घ्यावा. जॉन मॅकटिअर्ननचा हा चित्रपट १९८८ चा आहे. कथा एवढीच, की लॉस एंजलिसमधल्या एका उंच इमारतीत हत्यारबंद टोळी शिरते आणि आत अडकलेला एकटा पोलीस तिच्याशी लढतो. इमारतीचे नाव पडद्यावर नाकाटोमी प्लाझा आहे. प्रत्यक्षात ती तिथलीच फॉक्स प्लाझा ही इमारत आहे. सुरुवातीलाच विमानातला शेजारी नायकाला सल्ला देतो, की प्रवासाचा शीण घालवायचा तर बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटे आवळावीत. साधे, विसरून जाण्याजोगे बोलणे. नायक तो सल्ला पाळतो आणि नेमक्या त्याच वेळी गोळीबार सुरू होतो, त्यामुळे पुढचा सगळा चित्रपट तो अनवाणी लढतो. पुढे खलनायक हान्स ग्रुबर ओलीस असल्याचे सोंग आणून त्याच्यासमोर येतो आणि बोलता बोलता त्याची नजर नायकाच्या पायांवर जाते. पुढच्या चकमकीत हान्स साथीदाराला काचांवर गोळ्या झाडायला सांगतो. नायकाला फुटलेल्या काचांवरून पळत सुटावे लागते. त्यानंतर तो स्वच्छतागृहात बसून तळव्यातले काचेचे तुकडे उपसतो आणि वॉकीटॉकीवर एका अनोळखी पोलिसाजवळ बायकोबद्दल पहिल्यांदा मन मोकळे करतो.

विमानातल्या गप्पांपासून या कबुलीपर्यंत धागा एकच आहे: पाय. कादंबरीत हा धागा असता तर समीक्षकांनी त्याला रचनाकौशल्य म्हटले असते. इमारतीचे मजलेही असेच पेरलेले आहेत. अर्धवट बांधलेल्या मजल्यावर भिंतीला एका मॉडेलचे पोस्टर चिकटवलेले दिसते, आणि नायक दुसऱ्यांदा तिथून जातो तेव्हा ते पोस्टर पाहूनच आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे प्रेक्षकाला कळते. हे सगळे आपोआप घडत नाही. कुणीतरी ते बसून विचारपूर्वक रचलेले असते.

‘शोले’बद्दल मराठी वाचकाला वेगळे काही सांगायची गरज नाही, असे वाटते. गरज मात्र आहे. संवाद तोंडपाठ असल्यामुळे त्याच्या ॲक्शनची बांधणी झाकली गेली आहे. सुरुवातीचा मालगाडीवरचा हल्ला मुंबई-पुणे लोहमार्गावर, पनवेलच्या परिसरात चित्रित झाला आणि त्यासाठी सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. परदेशी तंत्रज्ञ बोलावले गेले, ७० मिलिमीटरची प्रत काढली गेली, हे सगळे सांगितले जाते. त्या दृश्यात काय काय पेरले आहे, हे क्वचितच सांगितले जाते. तिथे ठाकूर दोन्ही हातांनी बंदूक चालवतो. हे हात पुढे नसणार आहेत, म्हणून ते आधी भरपूर पाहून घेतलेले असणे आवश्यक आहे. जखमी ठाकूरला तसेच टाकून पळायचे की दवाखान्यात न्यायचे, याचा निर्णय जय-वीरू नाणे उडवून करतात. त्या नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच आहेत, हे शेवटी वीरूला कळते तेव्हा जय उरलेला नसतो. गाडीवरच्या त्या धुमश्चक्रीकडे नुसती करमणूक म्हणून पाहणाऱ्याच्या हाती शेवटचा घाव निम्माच येतो.

हिंसेचा आक्षेप इथेच तपासता येतो, कारण ‘शोले’वरही तो घेतला गेला. असे चित्रपट माणसाला बोथट करतात, असे म्हणतात. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचे दृश्य आठवून पाहावे. दुपार, अंगणातला झोपाळा, त्याची करकर. एकेक माणूस पडतो. शेवटी गब्बर लहान मुलावर बंदूक रोखतो, गोळीचा आवाज होतो आणि त्याच क्षणी चित्र बदलून रेल्वेगाडी येताना दिसते. मुलाचा मृत्यू पडद्यावर नाही. तो प्रेक्षकाच्या मनात घडतो आणि म्हणूनच पन्नास वर्षे झाली तरी विसरता येत नाही. हिंसा दाखवावी की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. तिची किंमत दाखवली का, हे विचारायला हवे. ‘सेव्हन सामुराई’च्या शेवटी चार कबरींवर चार तलवारी खोचलेल्या आहेत आणि गावकरी भात लावताना गात आहेत, जिंकले ते शेतकरी. ‘डाय हार्ड’चा नायक शेवटी नीट चालूही शकत नाही. जे चित्रपट शंभर माणसे पाडून नायकाच्या शर्टाची घडीही मोडू देत नाहीत, त्यांच्यावरचा बोथटपणाचा आरोप रास्त आहे आणि ॲक्शनच्या रसिकाने तो न डगमगता मान्य करावा. पण त्या चित्रपटांपायी सगळ्या प्रकाराला शिक्षा देता येणार नाही. रडूबाई चित्रपटांचे पीक आले म्हणून कुणी शोकांतिका वाईट ठरवत नाही.

दुसरा आक्षेप कष्टाबद्दल आहे. मारामारी खोटी असते, त्यात अभिनय कसला, असा तो सूर. पडद्यावरचा एक ठोसा कसा बसतो ते पाहावे. मूठ चेहऱ्याच्या समोरून काही इंचांवरून जाते. कॅमेरा अशा जागी ठेवलेला असतो, की ते अंतर दिसू नये. मार खाणाऱ्याने मान झटकायची ती मूठ गालासमोर येताच, आधी नाही आणि नंतरही नाही. पाव सेकंद चुकला की सगळे खोटे दिसते. आवाज नंतर भरला जातो. हाँगकाँगचे संकलक तर आघाताच्या काही चौकटी दोनदा लावत, म्हणजे फटका डोळ्याला अधिक जोरदार लागतो. फाइट मास्टर हे सगळे आधी ठरवतो, फायटर मंडळी ते नृत्यासारखे मोजून बसवतात, आणि ज्या उड्या, पडणे नट-नट्यांना जमत नाही किंवा ज्यांत जिवाला धोका असतो, ते काम डुप्लिकेट म्हणून येणारी माणसे करतात. ‘शोले’त बसंतीच्या टांग्याचा पाठलाग रेश्मा पठाण यांनी हेमा मालिनींच्या जागी केला आणि त्या चित्रीकरणात टांगा उलटून त्या जखमी झाल्या.

जॅकी चॅनने १९८५ च्या ‘पोलीस स्टोरी’त मॉलच्या वरच्या मजल्यावरून दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावर उडी मारली आणि घसरत खाली काचेवर आदळला. त्याचे हात भाजले. ती उडी चित्रपटात लागोपाठ अनेक कोनांतून दाखवली आहे, कारण ती खरी होती आणि तिला लपवण्यासारखे काही नव्हते. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, बस्टर कीटनने ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत आपल्यावर पाडून घेतली. भिंतीतल्या उघड्या खिडकीच्या जागी तो उभा होता, म्हणून वाचला. चेहऱ्यावर भाव नसलेला, इंचाच्या हिशेबाने उभा असलेला तो माणूस अभिनय करत नव्हता, असे म्हणणाऱ्याने अभिनयाची व्याख्या पुन्हा तपासावी.

मराठी घरांत या चित्रपटांविषयीचा कमीपणा जरा जास्तच आढळतो. नाटक, साहित्य, सामाजिक आशय यांची परंपरा मोठी, तिथे हाणामारीला मान कुठून मिळणार, असा त्यामागचा समज. मराठीचा स्वतःचा इतिहास या समजाच्या विरोधात साक्ष देतो. मराठीतल्या सर्वांत जुन्या आणि नामांकित पोवाड्यांत अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा येतात. कोण कुठे उभे होते, कोणाचा वार आधी झाला, कोणत्या कड्यावरून माणसे चढली, हे शाहीर ज्या बारकाईने सांगतो, तो चांगल्या ॲक्शन दिग्दर्शकाचाच गुण आहे. हा वारसा चित्रपटातही उतरला. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरात १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल हा मारधाडीचा लाडका नायक होता आणि १९३१ साली पहिल्या भारतीय बोलपटासाठी, ‘आलम आरा’साठी, नायक म्हणून त्याचीच निवड झाली.

परळच्या एका जागेची कहाणी याहून बोलकी आहे. तिथे वाडिया मूव्हिटोन होती. होमी वाडियांनी तिच्यासाठी १९३५ साली ‘हंटरवाली’ केला आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया चाबूक घेऊन पडद्यावर आली. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्राँटियर मेल’मध्ये ती धावत्या गाडीच्या टपावर लढली, आणि तेही स्वतः. तिच्या चित्रपटांत स्त्रियांच्या शिक्षणाची आणि हक्कांची बाजू ठामपणे मांडलेली आहे. त्या काळच्या सामाजिक म्हणवल्या जाणाऱ्या कित्येक चित्रपटांतली नायिका शेवटी डोळ्यांत पाणी आणून नवऱ्याच्या पायाशी बसत होती, हेही इथे ध्यानात घ्यावे. १९४२ साली व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर याच जागेत उभारले. तिथूनच पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ आला, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि बर्लिनचा सन्मान मिळवलेला चित्रपट. त्याच्या शेवटी शांताराम मोकाट बैलाशी झुंजतात. ते दृश्य त्यांनी स्वतः केले आणि त्यात त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. सहा कैद्यांना माणूस करणाऱ्या जेलरची कथा अखेरीस त्या झुंजीवर येऊन ठेपते, कारण बोलून जे सिद्ध करता आले नसते ते तिथे देहाने सिद्ध करायचे होते. स्टंटपट आणि कलात्मक चित्रपट यांच्यातली भिंत त्या आवारात तरी नव्हती.

आता लॉजिकचा मुद्दा, कारण रसिक स्वतः तोच शस्त्रासारखा उचलतो आणि स्वतःलाच जखमी करतो. ‘लॉजिक शोधू नका’ हे वाक्य खराब चित्रपटांच्या उपयोगी पडते, चांगल्यांच्या नाही. वास्तव आणि तर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एस. एस. राजामौली यांच्या ‘आरआरआर’मध्ये पुलावर रेल्वेगाडीला आग लागते आणि खाली नदीत एक मुलगा सापडतो. दोन नायकांपैकी राम पुलावर, भीम खाली. दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. हाताच्या खुणांनी बेत ठरतो. मग एक घोड्यावर, एक मोटारसायकलवर, एका दोराची दोन टोके बांधून दोघेही पुलाच्या दोन बाजूंनी झेप घेतात. पाण्यात भिजलेला झेंडा अंगाभोवती घेतल्यामुळे एकाला आगीतून जाता येते. असे प्रत्यक्षात घडणे अशक्य आहे. पण दोर का, झेंडा का, खुणा का, या प्रत्येक ‘का’ला दृश्यातच उत्तर आहे, आणि दोन अनोळखी माणसांची मैत्री एका संवादाविना जुळते. लॉजिक म्हणतात ते हेच. उलट ज्या चित्रपटात नायक कुठून आला, खोलीला दारे किती, मारले कोणी आणि मेले कोण हेच समजत नाही, कारण कॅमेरा थरथरतो आणि दर सेकंदाला चित्र बदलते, तिथे लॉजिक नसते. २००४ च्या ‘द बोर्न सुप्रीमसी’नंतर ही थरथर फार माजली. दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रासला ती नायकाच्या अस्वस्थतेसाठी हवी होती. अनुकरण करणाऱ्यांना ती बेत न आखल्याचे झाकण्यासाठी हवी होती.

वेगाने चित्रे बदलणे हा दोष नव्हे, हे ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ने २०१५ साली दाखवले. दोन तासांत सुमारे २७०० कट आहेत. तरीही डोळा कुठे हरवत नाही, कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलर आणि छायाचित्रकार जॉन सील यांनी महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मधोमध ठेवली. चित्र बदलले तरी नजर हलवावी लागत नाही. संकलक मार्गरेट सिक्सेल यांनी सुमारे ४८० तासांच्या चित्रणातून तो उभा केला. त्यांनी त्याआधी एकही ॲक्शनपट संकलित केलेला नव्हता. चित्रपटाला सहा ऑस्कर मिळाली, त्यांत संकलनाचेही होते. कथा केवळ जाणे आणि परत येणे एवढीच, पण नायिका फ्युरिओसा मागे फिरायचे ठरवते तेव्हा तो भूगोलाचा निर्णय नीतीचा निर्णय होतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी आवडता ॲक्शनपट सांगताना ओशाळला, तर त्याला फक्त एवढे विचारावे, की त्यातले कोणते दृश्य आणि का. उत्तर द्यायला तो डोके वापरेल, आणि ते उत्तर बहुधा कुठल्याही नाट्यसमीक्षेइतके नेमके असेल. ज्यांनी पडद्यावरचे हे मारधाडीचे काम केले त्यांची दखल मात्र संथपणे घेतली जात आहे. स्टंटसाठीचे ऑस्कर अखेर जाहीर झाले आहे, आणि २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांसाठी ते १००व्या सोहळ्यात, २०२८ साली, पहिल्यांदा दिले जाईल. भारताने राष्ट्रीय पुरस्कारांत ही दखल आधीच घेतली. ६४व्या पुरस्कारांत पीटर हाइन यांना मल्याळम ‘पुलिमुरुगन’साठी तो मान मिळाला. आणि ‘शोले’ला तो आला त्या वर्षासाठी फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले. ते संकलनाचे होते, माधव शिंदे यांना.